खेळातला स्वयंपाक : कितव्या लेव्हलपर्यंत शिकावा?

दौंड-पुणे शटलने रोज जा-ये करणाऱ्यांचा एका बाजूचा दीड-पावणेदोन तास गाडीतच जातो. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी मागे पडत असताना कितीतरी तरुणांच्या हातातल्या मोबाइलवर खेळ रंगलेला असतो. त्यातले जे ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांकडे वळतात, त्यांना लवकरच एक प्रश्न पडतो. तलवार चालवणं, जादू, धनुष्यबाण हे ठीक. पण खेळात ‘कुकिंग’ नावाचं जे कौशल्य दिलेलं असतं, त्यावर वेळ घालवावा का?

कुणी सांगतं, अजिबात नको. कुणी सांगतं, शेवटच्या लेव्हलपर्यंत नेल्याशिवाय थांबू नको. दोन्ही सल्ले नवख्या खेळाडूचे तास वाया घालवतात. म्हणून रूढ गैरसमज एकेक करून तपासू. त्यासाठी मुख्य उदाहरण ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळाचं घेऊ. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने तो २०१३ साली सुरू केला आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मोबाइलवर आणला. फुकट खेळता येतो, फार ताकदीचा फोन लागत नाही आणि त्यातल्या स्वयंपाकाचे आकडे पक्के ठरलेले आहेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो.

गैरसमज १ : स्वयंपाक म्हणजे टाइमपास, लढाईशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : लढाईत टिकून राहणं बरंचसं अन्नावरच अवलंबून असतं. रूनस्केपमध्ये खेळाडूची प्राणशक्ती, म्हणजे हिटपॉइंट्स, जास्तीत जास्त ९९ पर्यंत वाढवता येते. मार खाल्ला की ती भरून काढायला खावं लागतं. साधी कोळंबी ३ हिटपॉइंट्स देते, ट्राउट ७, लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड १२, स्वोर्डफिश १४ आणि शार्क २०. सोबतच्या पिशवीत जागा फक्त २८. त्या कोळंबीने भरल्या तर ८४ हिटपॉइंट्स मिळतील, शार्कने भरल्या तर ५६०. मोठ्या बॉससमोर, म्हणजे बलाढ्य शत्रूसमोर, हाच फरक जिंकण्या-हरण्याचा ठरतो.

काही पदार्थांचे गुण आणखी वेगळे आहेत. करांबवान हा मासा दुसऱ्या अन्नापाठोपाठ, मधे न थांबता खाता येतो; त्यामुळे एका दमात दोन घास पोटात जातात. अँग्लरफिश तर प्राणशक्ती तिच्या नेहमीच्या मर्यादेच्याही वर नेतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळात खाल्ल्यावर ‘वेल फेड’ हा बफ, म्हणजे तात्पुरता लाभ, मिळतो आणि ताकद किंवा चपळाई वाढते. ‘फायनल फँटसी १४’मध्ये जेवलेल्या खेळाडूला अर्धा तास ३ टक्के जादा एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळतो.

गैरसमज २ : शिजवून विकलं की गोल्डचा (खेळातल्या पैशांचा) ढीग लागतो.

वस्तुस्थिती : नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात. आपल्याकडे केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांचा हिशेब सरळ आहे. उसापेक्षा गुळाला जास्त भाव मिळायला हवा, कारण मधे जळण, मजुरी आणि गुळव्याचं कसब खर्च झालेलं असतं. ऊस ज्या भावाने घेतला त्याहून कमी पैसा गुळातून हाती आला, तर गुऱ्हाळ चालणारच नाही.

खेळातल्या बाजारात मात्र हा नियम कित्येकदा उलटा फिरतो. शिजवलेला मासा आणि कच्चा मासा यांच्या भावात नाममात्र फरक राहतो. कधी शिजवलेला मासा कच्च्यापेक्षा स्वस्तच मिळतो. कारण हजारो खेळाडू मासे विकण्यासाठी शिजवतच नाहीत. त्यांना हवा असतो शिजवताना मिळणारा एक्सपी. तीच त्यांची मजुरी, म्हणून ते घाट्यातही माल विकायला तयार असतात. अशा बाजारात नफ्यासाठी उतरणारा माणूस एक्सपीसाठी पदरमोड करणाऱ्यांशी स्पर्धा करत असतो. ती स्पर्धा जिंकणं कठीण.

तेव्हा कच्चा माल घेण्याआधी कच्चा आणि शिजलेला असे दोन्ही भाव पाहा. त्यात शिजवताना जळणाऱ्या मालाची घट धरा. एवढं करूनही नफा उरत असेल तरच विकण्यासाठी शिजवा.

गैरसमज ३ : ९९ लेव्हल झाल्याशिवाय कष्टाचं चीज होत नाही.

वस्तुस्थिती : रूनस्केपमध्ये ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. ७० व्या लेव्हलला लागतात ७,३७,६२७, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. लेव्हलचा आकडा ९२ दिसतो तेव्हा खरं तर निम्माच रस्ता संपलेला असतो. चढण शेवटी शेवटी फार खडी होत जाते.

हेच वेळेत मोजू. एक लॉबस्टर शिजला की १२० एक्सपी मिळतात आणि तो शिजायला २.४ सेकंद लागतात. ४० व्या लेव्हलपासून ७० पर्यंत जायला सुमारे ५,८४० लॉबस्टर पुरतात. निव्वळ शिजवण्याचा वेळ चार तासांच्या आत. तेच लॉबस्टर शिजवत ७० वरून ९९ गाठायचं म्हटलं तर एक लाखाहून जास्त लागतील आणि निव्वळ शिजवण्यातच ६८ तास जातील. जळालेला माल आणि बँकेच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत. शार्क शिजवले किंवा द्राक्षांची वाइन केली तर वेग वाढतो. वाइन ३५ व्या लेव्हलला करता येते आणि एका सुरईमागे २०० एक्सपी देते. तरी ३५ पासून ९९ पर्यंत सुमारे ६५,००० सुरया भराव्या लागतात.

७० चा आकडा इथे मुद्दाम घेतला आहे. ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ ही मोठी क्वेस्ट, म्हणजे मोहीम, पूर्ण करायला कुकिंग ७० लागतं, आणि त्या क्वेस्टनंतर मिळणारे बॅरोज ग्लोव्ह्ज हे हातमोजे खेळातल्या सर्वांत उपयोगी वस्तूंपैकी एक आहेत. म्हणजे कुकिंगचं एक फार मोठं बक्षीस सहा टक्के कष्टांतच पदरात पडतं.

गैरसमज ४ : पदार्थ जळणं हा निव्वळ नशिबाचा भाग आहे.

वस्तुस्थिती : प्रत्येक वेळी काय होईल हे यदृच्छेवर असलं, तरी जळण्याची शक्यता लेव्हलनुसार कमी होत जाते आणि बहुतेक पदार्थांबाबत एका टप्प्यावर शून्य होते. लॉबस्टर ४० व्या लेव्हलला शिजवता येतो, पण जळणं पूर्ण थांबतं ७४ ला. ‘फॅमिली क्रेस्ट’ क्वेस्टनंतर मिळणारे कुकिंग गाँटलेट्स हातात असतील तर ६४ लाच थांबतं. शार्क ८० ला शिजवता येतो. हे हातमोजे घालूनही तो ९४ पर्यंत जळू शकतो.

जळलेल्या पदार्थाचा एक्सपी मिळत नाही आणि मालही जातो. म्हणून नवा पदार्थ खुला झाला की लगेच त्यावर उडी मारण्याची घाई महागात पडते. एखादी पायरी खालचा, कमी जळणारा पदार्थ शिजवत राहणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

गैरसमज ५ : स्वयंपाक शिकलो तर दुसरं कौशल्य सोडावं लागेल.

वस्तुस्थिती : वॉरक्राफ्टमध्ये मुख्य व्यवसाय दोनच घेता येतात, त्यातून ही भीती आली असावी. पण तिथे कुकिंग दुय्यम व्यवसायांत मोडतं आणि त्या दोन जागांपैकी एकही अडवत नाही. फायनल फँटसी १४ मध्ये आचारी, म्हणजे ‘क्युलिनेरियन’, हा स्वतंत्र पेशाच आहे. पण एकाच पात्राला सगळे पेशे शिकता येतात. रूनस्केपमध्ये तर कुठल्याच कौशल्यासाठी दुसऱ्यावर पाणी सोडावं लागत नाही. जातो तो फक्त तुमचा वेळ.

सगळ्या खेळांतला स्वयंपाक एकसारखाही नसतो. २०२० साली आलेल्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये स्वयंपाकाची एकच चढती लेव्हल नाही. प्रत्येक पदार्थ काही वेळा हाताने अचूक जमवला की पुढे तो आपोआप करता येतो. तिथे कुकिंग किती वाढवावं, हा प्रश्नच उद्भवत नाही.

गैरसमज ६ : तयार अन्न विकत मिळतं, मग शिकायचं कशाला?

वस्तुस्थिती : हे निम्मं खरं आहे. नेहमीच्या अकाउंटवर बाजारातून अन्न घेणं सोयीचं आणि बऱ्याचदा स्वस्त असतं. पण २०१४ मध्ये आलेल्या ‘आयर्नमॅन’ प्रकारात इतर खेळाडूंशी देवाणघेवाण करताच येत नाही. तिथे जे पकडाल, शिजवाल तेच खाल. अशा खेळाडूसाठी कुकिंग ही गरज आहे, आणि मासेमारी तिच्या जोडीने वाढवावी लागते.

वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीतही स्वतः शिकण्याचा फायदा दिसतो. तिथे कुकिंगची कमाल मर्यादा ३०० आहे. २८५ ला जमणारे ‘स्मोक्ड डेझर्ट डंपलिंग्ज’ १५ मिनिटं ताकद २० ने वाढवतात. प्रत्येक रेडला, म्हणजे गटाने केलेल्या मोठ्या चढाईला, अशी थाळी लागणार असेल, तर दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा स्वतः केलेली बरी.

गैरसमज ७ : मिळालेलं गोल्ड खऱ्या पैशांत विकता येईल.

वस्तुस्थिती : बाहेर परस्पर पैसे घेऊन गोल्ड किंवा अकाउंट विकायला वरच्या खेळांच्या नियमांत मनाई आहे. सापडल्यास अकाउंट कायमचं बंद होऊ शकतं आणि सगळी मेहनत बुडते. उलट, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे सगळेच ऑनलाइन खेळ बंद झाले, ही समजूतही चुकीची आहे. तो कायदा पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. वर्गणी भरून किंवा फुकट, करमणुकीसाठी खेळायचे खेळ हा वेगळा प्रकार आहे.

मग निर्णय काय घ्यावा?

रूनस्केप फुकट खेळत असाल तर स्वोर्डफिश हाच तुमच्या हाती येणारा सर्वांत भरीव मासा आहे. तो ४५ ला शिजवता येतो, आणि ७४ पर्यंत गेलात तर लॉबस्टर एकही न जळता निघतात. तिथे थांबा. वर्गणी भरत असाल तर ७० गाठून क्वेस्ट उरका. त्यापुढचं अन्न विकत घेतलं तरी काही बिघडत नाही. आयर्नमॅन असाल तर ८० च्या पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही. वॉरक्राफ्टमध्ये नियमित रेड करत असाल तर कुकिंग पूर्ण शिका. ९९ मात्र ज्याला ते मनापासून हवं आहे त्याच्यासाठीच. उपयोगाच्या हिशेबात ते बसत नाही.

शटलच्या प्रवासाला हे कौशल्य एका बाबतीत फार सोयीचं आहे. एकदा २८ मासे शेगडीवर लावले की मिनिटभराहून जास्त वेळ फोनला हात लावावा लागत नाही. लढाई करताना नजर हटवता येत नाही. स्वयंपाक करताना शेजाऱ्याशी बोलताही येतं.

शेवटी एवढंच सांगणं आहे. कुणाच्या तरी ९९ कडे पाहून ग्राइंड (तेच ते पुन्हा पुन्हा करणं) सुरू करू नका. हे कौशल्य तुमच्यासाठी कोणती क्वेस्ट उघडतं, किती गोल्ड वाचवतं आणि त्याला किती तास लागतात, हे आधी कागदावर मांडा. ज्या लेव्हलला हा हिशेब पुरा होतो तिथे थांबा आणि उरलेले तास तुम्हाला आवडणाऱ्या खेळाला द्या.