सुईने डोळे जात नाहीत

गोधडी शिवणे हे मराठवाड्यात उतारवयातील बायकांचे खास काम मानले जाते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत थंडी काढायची ती घरून नेलेल्या गोधड्यांवर. गावात मागे राहतात म्हातारी माणसे, शेरडे आणि शाळेतील नातवंडे. जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी यांचे थर लावून वर ठिगळे जोडायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचे, एवढीच या कामाची रीत. ते उन्हाळ्यात सुरू होते, सवडीने चालते, आणि घटस्थापनेआधी नदीवर धुणे काढताना कोणाच्या घरी किती नव्या गोधड्या आहेत ते सगळ्या गावाला दिसते.

हे काम साठीनंतर नेमके कशामुळे थांबते? बहुतेक घरांत उत्तर एकच मिळते: “शिवून शिवून डोळे जातील.” मुलगा म्हणतो, सून म्हणते, शेजारीण म्हणते, आणि शेवटी आजी स्वतःही तेच म्हणू लागते. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण तो साफ चुकीचा आहे. सुईकामाने प्रौढ माणसाचे डोळे अधू होत नाहीत. जवळचे बारीक काम केल्याने मोतीबिंदू होत नाही, काचबिंदू होत नाही आणि दृष्टिपटलही झिजत नाही.

गैरसमज टिकून राहिला याचे कारण समजण्यासारखे आहे. डोळ्यातील भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते आणि नजर जुळवून घेते. वयाबरोबर ते कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे धूसर दिसू लागते. हा बदल शिवणाऱ्या बाईत होतो तसाच कधी सुई न धरलेल्या माणसातही होतो. फरक इतकाच की शिवणाऱ्या बाईला तो सर्वांत आधी जाणवतो, कारण सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला जितकी बारीक नजर लागते तितकी शेतातील किंवा चुलीपुढील कामाला लागत नाही. नजर कमी झाल्याचे सुईमुळे कळले, म्हणून सुईमुळे नजर गेली, असा उलटा अर्थ लावला जातो. पावसात छपराचे भोक दिसते म्हणून पावसाने भोक पाडले असे कोणी म्हणत नाही. डोळ्यांच्या बाबतीत मात्र हाच तर्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

दमलेल्या डोळ्यांनी या समजाला आणखी बळ मिळते. टाक्यावर नजर लावून बसले की पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, पाणी येते, कधी कपाळ दुखते. हा त्रास खरा आहे, पण तात्पुरता आहे. हात थांबवून अधूनमधून दूरच्या झाडाकडे पाहिले, चार वेळा पापण्या मिटल्या की तो ओसरतो. वाढत्या वयाच्या मुलांत सतत जवळचे पाहणे आणि दूरची नजर कमी होणे यांचा संबंध अभ्यासांत आढळला आहे, कारण मुलांचा डोळा अजून वाढत असतो. साठीच्या डोळ्याला ते लागू होत नाही.

ज्याने दृष्टी खरोखर जाते त्याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांमधील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू निघाले. मोतीबिंदू म्हणजे भिंगातील प्रथिनांच्या गुठळ्या होऊन भिंग गढूळ होणे. वय हे त्याचे मुख्य कारण. त्यात भर घालतात मधुमेह, तंबाखूचा धूर, डोळ्याला झालेली इजा, स्टेरॉइडचा दीर्घ वापर आणि उन्हातील अतिनील किरण. चुलीच्या धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंधही भारतातील अभ्यासांत दिसून आला आहे. ज्या बाईने उमर उसाच्या फडात उन्हात काढली आणि सकाळ-संध्याकाळ धुरात स्वयंपाक केला, तिच्या मोतीबिंदूचा दोष सावलीत बसून केलेल्या शिवणावर टाकणे अन्यायाचे आहे. त्यातून नुकसानही होते. सुई हातातून काढून घेतली की उपाय झाला असे घरच्यांना वाटते आणि तपासणी राहून जाते. मोतीबिंदूवर उपाय शस्त्रक्रियेचा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले जाते. ते बहुधा दूरच्या नजरेसाठी असते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही शिवताना जवळचा चष्मा लागतो. “ऑपरेशन करूनही सुई दिसत नाही, म्हणजे ते फसले” हा त्यातून निघणारा निष्कर्षही चुकीचाच.

याच्या उलट बाजूचा समज जास्त फसवा आहे. एखाद्या आजीला सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय दोरा ओवता येऊ लागतो आणि घरात तिच्या जुन्या हाडाचे, गावरान तुपाचे कौतुक होते. अनेकदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा मधला भाग घट्ट होऊ लागला की डोळ्याचा नंबर बदलतो, जवळचे काही काळ स्वच्छ दिसते आणि दूरचे बिघडते. अशा वेळी कौतुकाआधी डोळे तपासून घ्यावेत.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज याच कुळातील. नंबर वयाने वाढतो. चष्मा न लावता ताणून पाहिले तर तो थांबत नाही, फक्त डोके दुखते.

शिवताना खरी अडचण असते ती उजेडाची. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. सुनेला पुरेल तो उजेड सासूला पुरत नाही. त्यामुळे कोपऱ्यातील एका मंद दिव्याखाली रात्री शिवण्यापेक्षा सकाळी ओसरीवर बसावे. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डाव्या बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. गडद कापडावर पांढरा दोरा आणि फिक्या कापडावर रंगीत दोरा घेतला की टाका उठून दिसतो. ओवण्यासाठी पत्र्याच्या मुठीची आणि बारीक तारेची ओवणी शिवणसाहित्याच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. तीही नको असेल तर शाळेत जाण्याआधी नातवाने पाच-सहा सुया ओवून ठेवल्या की दुपार निघते.

डोळ्यांच्या भीतीखालोखाल ऐकू येतो तो समज असा: म्हातारपणी नवे काही शिकता येत नाही, बोटे आणि डोके दोन्ही ऐकत नाहीत. याची पडताळणी झालेली आहे, आणि तीही गोधडीच्याच कामावर. डलास येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६० ते ९० वयाचे २२१ जण होते. काहींना ठिगळकामाच्या गोधड्या शिवायला, काहींना डिजिटल छायाचित्रण, तर काहींना दोन्ही शिकवले गेले. आठवड्याला साधारण १५ तास, असे तीन महिने हे चालले. नुसत्या गप्पागोष्टी आणि सहली करणाऱ्या, किंवा घरी बसून संगीत ऐकणाऱ्या गटांपेक्षा शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत सुधारलेली दिसली.

लगेच त्याचा ढोल बडवू नये. ही सुधारणा छायाचित्रण शिकणाऱ्यांत जास्त ठळक होती, आणि गोधडीमुळे स्मृतिभ्रंश टळतो असे त्यातून सिद्ध होत नाही. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,३२१ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. विणकाम, गोधडीकाम यांसारख्या हस्तकला करणाऱ्यांमध्ये बुद्धीची सौम्य घसरण कमी आढळली. पण हा एकत्र आढळण्याचा संबंध आहे. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच असे काम चालू ठेवू शकतात, हेही तितकेच शक्य आहे. “रोज शिवा, विसरभोळेपणा पळवा” असे मोबाइलवर फिरणारे निरोप या अभ्यासांच्या नावावर खपवले जातात तेव्हा ते अभ्यासांत नसलेली गोष्ट सांगतात. शिवणकामासाठी एवढे कारण लागतही नाही. ज्या बाईला रंग जुळवायला आवडते, तिला ते आवडते हे पुरेसे आहे.

बाकीचे समज थोडक्यात निपटता येतात. सांधेदुखीत बोटे हलवू नयेत, असे नाही. झिजेच्या संधिवातात हलकी हालचाल चालू ठेवणेच हिताचे असते. सूज असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, आणि एरवी जाड पकडीची सुई व कमी थर घ्यावेत. गोधडी जमिनीवर पसरून उकिडवे बसूनच शिवायला हवी, असेही नाही. बाजेवर किंवा टेबलावर टाकून खुर्चीत बसले तर गुडघे वाचतात, टाका बिघडत नाही. साडी जितकी नवी तितकी गोधडी चांगली, हे सुती कापडाला लागू पडत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यातून सुई सहज जाते. नायलॉनच्या साड्या निसरड्या असतात, घाम शोषत नाहीत आणि पेटल्या तर वितळून अंगाला चिकटतात, म्हणून चुलीजवळ झोपणाऱ्यासाठी त्या टाळाव्यात. हे बायकांचेच काम, असे म्हणणाऱ्यांनी गावातील शिंप्याच्या दुकानात पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जायबंदी सैनिकही भरतकाम करत. गोधडी ही गरिबीची खूण, असे मानणाऱ्यांनी हे जाणावे की बिहारच्या सुजनी भरतकामाला, म्हणजे जुन्या साड्यांचे थर शिवण्याच्या याच परंपरेला, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

एक खबरदारी मात्र खरी आहे. जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना कमी होऊ शकते, सुई टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी अंगुस्तान घालावे, काम संपल्यावर उजेडात बोटे पाहावीत आणि सुया मोजून ठेवाव्यात. डोळ्यासमोर अचानक ठिणग्या चमकणे, नव्या काळ्या ठिपक्यांचा थवा दिसणे, पडदा ओढल्यासारखे होणे किंवा डोळा लाल होऊन असह्य दुखणे, यांपैकी काहीही झाले तर शिवण थांबवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.