गेमने नियम आधीच सांगावेत का?

नवा गेम उघडला की स्क्रीनवर बाण नाचू लागतात. 'इथे दाबा', 'आता इथे दाबा'. आपण न वाचताच 'स्किप' करतो आणि दहा मिनिटांनी अडकलो की यूट्यूबवर उत्तर शोधतो. मग गेमने नियम सांगायचे तरी का?

नियम लपवता येतात कसे?

लुडोत 'सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर नाही' हे सगळ्यांना माहीत असावं लागतं, कारण तिथे पंच आपणच असतो. व्हिडिओ गेममध्ये पंच कॉम्प्युटर असतो. नियम तोच पाळायला लावतो, त्यामुळे ते खेळाडूला माहीत नसले तरी खेळ चालतो.

न सांगता शिकवणं

१९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं उजवीकडे. समोरून शत्रू येतो. उडी मारली नाही तर मरण, पण पुन्हा सुरुवात करायला काही सेकंदच लागतात. स्क्रीनवर सूचनेची एक ओळही नाही, तरी मूलभूत नियम समजतात.

'माइनक्राफ्ट'ने उलट केलं. कोणती वस्तू कशी बनवायची हे गेम सांगतच नसे. खेळाडू एकमेकांना विचारत, इंटरनेटवर शोधत. २०१७मध्ये 'रेसिपी बुक' आलं आणि ही शोधाशोध कमी झाली. 'एल्डन रिंग' तर आजही फारसं समजावून सांगत नाही. तरी २०२२मध्ये आलेल्या या गेमच्या वर्षभरात २ कोटी प्रती खपल्या. काहींना शोधण्यातच मजा येते.

मग अडचण कुठे?

पैशांपाशी. अनेक मोबाइल गेममध्ये 'लूट बॉक्स' विकत मिळतो. आत काय निघेल हे नशिबावर, आणि त्या नशिबाचं गणित कंपनीकडे. चीनने २०१७पासून ही शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी ॲपलनेही ॲप स्टोअरवरच्या गेमसाठी तसाच नियम आणला.

पण आकडा दिला म्हणजे तो समजला असं नाही. दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का आहे असं समजा. १०० बॉक्स उघडले की ती नक्की मिळेल, असं वाटतं ना? प्रत्यक्षात १०० जणांनी प्रत्येकी १०० बॉक्स उघडले, तर साधारण ३७ जणांच्या हाती ती एकदाही लागणार नाही.

थोडक्यात काय?

राक्षस कसा मारायचा, गुप्त दार कुठे आहे, हे गेमने खुशाल लपवावं. तिथे चुकलो तर वेळ जातो आणि आपण काहीतरी शिकतो. पण जिथे चूक खिशाला पडते, तो नियम खरेदीच्या बटणाशेजारीच, सोप्या मराठीत लिहिलेला हवा.

घरातलं मूल तुमच्या फोनवर खेळत असेल, तर आज एवढंच तपासा: त्या गेममध्ये बॉक्स विकत मिळतो का, आणि त्याची शक्यता कुठे लिहिली आहे?