हुकूमनाम्याच्या शेवटी एक तक्ता असतो

समजा, रिद्धपूरच्या शिवारात दोन संत्र्याच्या बगिच्यांमधल्या धुऱ्यावरून वाद पेटला. गावातल्या जाणत्यांचं कोणी ऐकलं नाही आणि प्रकरण मोर्शीच्या दिवाणी न्यायालयात गेलं. तारखांवर तारखा पडल्या आणि अखेर निकाल लागला: दावा खर्चासह मंजूर. वादी खूश! पण 'खर्चासह' म्हणजे किती, हे हुकूमनाम्याचं शेवटचं पान उलटून कोण पाहतं? खरं नवल तर तिथेच आहे.

तिथे एक तक्ता असतो. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी. दाव्यावरचा मुद्रांक, वकीलपत्रावरचा मुद्रांक, दस्तऐवजांवरचा मुद्रांक, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्सची बजावणी. अख्खं भांडण किराण्याच्या चिठ्ठीसारखं ओळीने मांडलेलं! १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात हा नमुना छापलेला आहे.

आता हे पैसे द्यायचे कोणी? कलम ३५ सांगतं की खर्च ठरवणं न्यायाधीशांच्या हाती आहे, पण साधारणपणे हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च सोसायचा. न्यायाधीशांना तसं करायचं नसेल, तर? तर त्याची कारणं त्यांनी लेखी द्यायची. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्याकडूनच कायदा जाब मागतो! आणखी एक गंमत बघा. हा दावा चालवण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असं न्यायालयाने ठरवलं, तरी खर्चाचा हुकूम मात्र ते देऊ शकतं.

वकिलाच्या फीची ओळ नीट पाहा. तुम्ही वकीलसाहेबांना प्रत्यक्ष मोजलेली रक्कम तिथे नसते. दाव्याच्या मूल्यांकनावरून नियमाने जेवढी फी बसते, तेवढीच तिथे चढते. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, आणि जिंकलेला माणूस चक्रावतो तो इथेच.

मग या तक्त्याला आव्हान देता येतं का? येतं, पण आधी चूक कसली आहे ते पाहावं लागतं. बेरीज चुकली, आकडा उतरवताना शून्य सुटलं, तर अपिलाची गरजच नाही. कलम १५२ खाली त्याच न्यायालयात साधा अर्ज करायचा. अशी चूक न्यायालय केव्हाही सुधारू शकतं, अगदी स्वतःहूनसुद्धा.

बेरीज बरोबर आहे, पण खर्च ज्याच्यावर टाकायला नको होता त्याच्यावरच टाकलाय? मग अमरावतीला, जिल्हा न्यायालयात अपील, ३० दिवसांच्या आत. इथे वाट अरुंद होते. 'मी असतो तर वेगळं ठरवलं असतं' एवढ्यावर वरचं न्यायालय हात घालत नाही. कारणं न देताच जिंकलेल्यावर बोजा टाकलाय, खर्चाचं तत्त्वच मोडलंय, असं दाखवावं लागतं.

आणि कलम ३५-अ? दावा किंवा बचाव खोटा आहे हे ठाऊक असून जो तो रेटतो, त्याने समोरच्याला भरपाई द्यायची, जास्तीत जास्त ३,००० रुपये. या हुकुमावर अपील आहे, पण कलम १०४ ने त्याचं दार एकाच बाजूला उघडं ठेवलंय. भरपाई नको होती किंवा कमी हवी होती, एवढंच म्हणता येतं. 'मला आणखी हवी होती' म्हणून आत शिरायला जागाच नाही!

या सगळ्याची कसोटी लागली दिल्लीच्या एका खटल्यात: संजीव कुमार जैन विरुद्ध रघुबीर सरन चॅरिटेबल ट्रस्ट. दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलाचा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणून ४५,२८,००० रुपये द्यायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये त्या न्यायालयाने तो आकडा पुसला. खर्च नियमांनीच ठरेल, नियमांबाहेर प्रत्यक्ष खर्च लादता येणार नाही, असं सांगितलं आणि नियमांप्रमाणे येणाऱ्या खर्चाच्या वर फक्त ३,००० रुपये ठेवले. पंचेचाळीस लाखांवरून कुठे येऊन थांबलं बघा! पण त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की हे नियम जुने झालेत, खर्च वास्तवाला धरून हवा आणि ३५-अ ची मर्यादा किमान एक लाख करावी. व्यापारी वादांपुरती ती मर्यादा पुढे संसदेने काढून टाकली. धुऱ्याच्या भांडणाला मात्र संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने ठरलेले तेच ३,००० रुपये आहेत.