लिनक्सवर प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, समजून घ्या

जून महिना म्हणजे कागदपत्रांचा हंगाम. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. सगळं ऑनलाइन झालं तरी शेवटी हातात कागद लागतोच. नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्यासारख्या गावात तो कागद मिळतो झेरॉक्सच्या दुकानात. समजा, त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नुकतंच लिनक्स टाकलंय आणि प्रिंटरचा ड्रायव्हर इन्स्टॉल होता होता अडकला. समोर पाड्यावरून आलेले पालक उभे आहेत. इथे प्रिंट निघाली नाही तर त्यांना नवापूर किंवा नंदुरबार गाठावं लागणार. म्हणजे भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण डिजिटल कामाची शेवटची पायरी आजही अनेकदा प्रिंटरच असतो.

ही अडचण आत्ताच का वाढली?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. टीपीएम २.० नसलेल्या जुन्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. नवा कॉम्प्युटर घेणं परवडत नसेल तर उबंटू, लिनक्स मिंट किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स असे मोफत पर्याय आहेत. कॉम्प्युटर त्यावर चांगला चालतो. प्रिंटर मात्र जुनाच असतो आणि त्याच्यासोबत आलेली सीडी विंडोजची असते.

ड्रायव्हर नेमकं करतो काय?

तुमची पीडीएफ प्रिंटरला थेट कळतेच असं नाही. ती त्याच्या भाषेत बदलून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये छपाईचं सगळं काम ‘कप्स’ नावाची यंत्रणा सांभाळते. ती १९९९ मध्ये आली आणि पुढे अ‍ॅपलनेही मॅकसाठी तीच स्वीकारली. प्रिंटची रांग लावणं, फाइलचं रूपांतर करणं आणि ती प्रिंटरकडे पाठवणं, ही तिची तीन कामं. बिघाड यातल्या कोणत्या टप्प्यावर झाला ते कळलं की अर्धं काम झालं.

आधी हे बघा: ड्रायव्हरची गरज आहे का?

विंडोजच्या सवयीने आपण लगेच ड्रायव्हर शोधायला जातो. पण गेल्या काही वर्षांतले बरेच वाय-फाय प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात. बॉक्सवर ‘एअरप्रिंट’, ‘मोप्रिया’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ लिहिलेलं असेल तर तो प्रिंटर एक ठरलेली, सर्वांसाठी खुली भाषा बोलतो.

याची परीक्षा तुमच्या हातातल्या फोनवरच घेता येते. फोन आणि प्रिंटर एकाच वाय-फायवर ठेवा, एखादी पीडीएफ उघडा आणि प्रिंटचा पर्याय निवडा. कंपनीचं कोणतंही अ‍ॅप न टाकता फोनला प्रिंटर दिसला आणि पान निघालं, तर लिनक्सवरही ड्रायव्हर न टाकता काम होण्याची शक्यता मोठी आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स’ उघडा, थोडं थांबा, नाव आपोआप दिसेल. आणखी एक फायदा असा की ड्रायव्हरचा घोळ मिटेपर्यंत समोरच्या ग्राहकाचं काम फोनवरूनच उरकता येतं.

यूएसबी केबलवरच्या नव्या प्रिंटरसाठीही अशीच सोय आहे. २०२१ च्या डेबियन ११ पासून ‘आयपीपी-यूएसबी’ नावाचा प्रोग्राम हे काम करतो. पण असा प्रिंटर त्याच्या ताब्यात असताना तुम्ही कंपनीचा ड्रायव्हरही टाकलात, तर दोघांची ओढाताण होऊ शकते. दोन्हींपैकी एकच मार्ग ठेवा.

ड्रायव्हर लागणारच असेल तर चार ठिकाणं तपासा

१. पॅकेजच बसत नाही. डाउनलोड केलेली फाइल तुमच्या लिनक्ससाठीच आहे का? उबंटू, मिंट आणि बॉसला ‘डेब’ फाइल लागते, फेडोराला ‘आरपीएम’. फाइल बरोबर असूनही ‘डिपेंडन्सी’ असा शब्द असलेला एरर आला, तर ड्रायव्हरला लागणारा दुसरा एखादा प्रोग्राम मशिनवर नाही असा त्याचा अर्थ. डबल क्लिक करत बसू नका. इंटरनेट चालू ठेवून टर्मिनलमधून ‘एपीटी’ने तीच फाइल इन्स्टॉल करा. भांडारात उपलब्ध असलेले राहिलेले भाग ते स्वतःच आणतं.

२. बसतो, पण ‘फिल्टर फेल्ड’ येतं. हा सगळ्यात फसवा प्रकार. प्रिंटर यादीत दिसतो, प्रिंट पाठवली जाते आणि पान काही येत नाही. रूपांतर करणारा प्रोग्राम सुरूच होऊ शकला नाही, असं कप्स सांगत असतं. जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर बऱ्याचदा ३२ बिटचे असतात आणि आपलं लिनक्स ६४ बिटचं. उबंटूने २०१९ मध्ये ३२ बिटसाठी पूर्ण सिस्टिम देणं थांबवलं, पण काही निवडक ३२ बिट लायब्ररी ठेवल्या. आधी सिस्टिमला ३२ बिटची परवानगी द्यावी लागते, मग त्या लायब्ररी टाकाव्या लागतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टच्या आदल्या रात्री मी एक ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला होता. कमी होती ती एका ३२ बिट लायब्ररीची. एरर नीट वाचला असता तर रात्र वाचली असती.

३. प्रिंटर चालू केला की ‘विसरतो’. काही स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर साठवून ठेवण्याची सोय नसते. एचपी लेझरजेट १०२० हे त्याचं परिचित उदाहरण. प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने त्याला फर्मवेअर द्यावं लागतं. त्यासाठी ‘एचपी-लिप’ या पॅकेजसोबत वेगळा प्लगइन लागतो. दोघांची आवृत्ती एकच असली पाहिजे. लिनक्स अपडेट झाल्यावर एचपी-लिप नवं आणि प्लगइन जुनं राहिलं की छपाई बंद पडते. अशा वेळी प्लगइन पुन्हा उतरवून घ्या.

४. परवानगी नाही. प्रिंटर जोडताना ‘फॉरबिडन’ दिसलं तर तुमचं युजर खातं ‘एलपीअ‍ॅडमिन’ या गटात नाही, हे आधी तपासा. त्या गटात खातं घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा.

एरर वाचायचा कुठे?

ब्राउजरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘लोकलहोस्ट:६३१’ टाइप करा. कप्सचं पान उघडेल. इथे प्रिंटर, अडकलेल्या प्रिंट आणि एरर लॉग, सगळं एका जागी मिळतं. दुरुस्ती झाल्यावरही पान येत नसेल तर रांग ‘पॉज’ झाली आहे का ते इथेच बघा आणि ती पुन्हा सुरू करा. कागदावर निरर्थक अक्षरांची पानंच्या पानं येत असतील तर केबल बदलू नका. ड्रायव्हर चुकीच्या मॉडेलचा निवडला गेला असण्याची शक्यता जास्त. प्रिंटर नुसताच कागद मागत थांबला असेल तर पानाचा आकार ‘लेटर’ऐवजी ‘ए-फोर’ करा.

एक काळजी मात्र घ्या. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरून किंवा लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्या. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना आपण पासवर्ड टाकून पूर्ण मशिनचा ताबा देतो, आणि दुकानातल्या मशिनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

मुळात हा प्रश्न आला कुठून?

प्रिंटरची भाषा कंपनीने उघड केली नाही, तर लिनक्सवाल्यांना ती अंदाजाने शिकावी लागते. भांडण जुनं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. पण त्याच्या प्रोग्रामचा सोर्स कोड मिळाला नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या विचारामागचा एक प्रसंग म्हणून ते स्वतः हा किस्सा सांगत आले आहेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आजच्या लिनक्समधली अनेक साधनं त्याच प्रकल्पातली आहेत.

थोडक्यात काय लक्षात ठेवाल?

ड्रायव्हर अडला म्हणजे लिनक्स वाईट किंवा प्रिंटर खराब असं नाही. आधी फोनवर परीक्षा घ्या, मग एरर वाचा, मग त्या एका टप्प्यावरच हात घाला. आणि पुढचा प्रिंटर घेताना दुकानदाराला किंमत आणि टोनरचा खर्च विचाराल, तेव्हा तो ड्रायव्हरशिवाय चालतो का हेही विचारा. गावात प्रिंटर एकच असेल तर या एका प्रश्नावर अनेकांची फेरी वाचते.