आट-पाठ आणि प्राध्यापक देवधर

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे तिरोडीला गेलो होतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तुमसर रोडहून रेल्वेचा एक फाटा इथवर येतो. महाराष्ट्राची हद्द जवळच, त्यामुळे हिंदीबरोबर मराठीही कानावर पडते. सीमेवर राहायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना असे गाव परके वाटत नाही. कन्नडच्या जागी हिंदी आली, एवढाच काय तो फरक.

घरात पाऊल टाकले तर वातावरण तापलेले. दहावीतला भाचा कोपऱ्यात गप्प बसलेला. तिमाही परीक्षेत गणितात कसाबसा काठावर पास झाला आणि त्याच दिवशी त्याची बॅट माळ्यावर गेली. दाजी नेहमीप्रमाणे तटस्थ. पाण्याचा तांब्या पुढे करतानाच बहीण म्हणाली, "दादा, तूच सांग आता त्याला. तू कॉलेजात शिकवतोस, तुझं ऐकेल. खेळून कुणाचं पोट भरलंय?"

मामा कुणाच्या बाजूचा, याचा अंदाज घेत भाचा माझ्याकडे बघत होता.

मला एकदम आमची आजी आठवली. आमचे आजोळ कानडी. दिवेलागणीला हातपाय धुऊन घरात शिरलो की आजी विचारायची, "आट आतेन? पाठ आतेन?" आट म्हणजे खेळ आणि पाठ म्हणजे धडा, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कन्नडात हे दोन शब्द भावंडांसारखे जोडीने येतात. मराठीत मात्र आपण मध्ये एक 'की' घालतो. खेळ की अभ्यास? घरोघरी भांडण लागते ते या 'की'पायीच.

रात्री जेवणे आटोपल्यावर मायलेकांना समोर बसवले आणि एका प्राध्यापकांची गोष्ट सांगितली.

संस्कृतचे सर

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. १९११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. क्रिकेटवर घर चालवावे असा तो काळच नव्हता. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. अध्यापन सांभाळले, पण बॅटही खाली ठेवली नाही. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईच्या सामन्यात अखिल भारतीय संघाकडून या प्राध्यापकांनी १४८ धावा काढल्या. इंग्लंडहून आलेल्या संघापुढे आपली माणसे उभी राहू शकतात, हे त्या दौऱ्यात सी. के. नायडू आणि देवधर यांच्या खेळींनी दाखवून दिले.

पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे होते. संघात त्यांचे नाव नव्हते.

"म्हणजे मामा, ते इंडियाकडून कधी टेस्ट खेळलेच नाहीत?"

"अधिकृत कसोटी एकही नाही."

पोरगा हिरमुसला. बहिणीच्या चेहऱ्यावर मात्र 'मी काय सांगत होते' असे भाव. मी म्हटले, "थांबा, गोष्ट संपलेली नाही."

कसोटीचे दार उघडले नाही म्हणून देवधर घरी बसले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यांची सर्वोच्च २४६ धावांची खेळी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षानंतरची, तीही मुंबईविरुद्ध! १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतक ठोकले, १०५ आणि १४१. मी स्वतः चाळिशी ओलांडली आहे आणि कॉलेजचे दोन जिने चढताना मला धाप लागते, हे मी कबूल केल्यावर बहीणही हसली. एकूण ८१ प्रथम श्रेणी सामने, ४,५२२ धावा, नऊ शतके.

खेळ थांबल्यावरही हा माणूस थांबला नाही. भारतीय क्रिकेटवर पुस्तक लिहिले, १९६६ मध्ये 'आय लुक बॅक' हे आत्मचरित्र लिहिले, निवड समितीत काम केले. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते गेले, तेव्हा आयुष्याचेही शतक पूर्ण झालेले होते. १९९६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आणखी एक गोष्ट बहिणीसाठी मुद्दाम सांगितली. देवधरांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. मुलीने रॅकेट घेऊन बाहेर पडायचे म्हटले की भुवया उंचावत, त्या काळातली ही गोष्ट. संस्कृतच्या प्राध्यापकांच्या घरात आट आणि पाठ दोन्ही सुखाने नांदत होते.

मला यातले सर्वांत मोलाचे काय वाटते? संस्कृत शिकलेल्यांना 'रामः रामौ रामाः' आठवत असेल. रोज म्हटल्याशिवाय ते जिभेवर बसत नाही. नेटमध्ये एकच फटका शंभर वेळा मारणे याहून निराळे काय आहे? आणि निवड झाली नाही तरी दुसऱ्या दिवशी वर्गावर जायचे, हा भक्कम आधार देवधरांपाशी होता. एक दार बंद झाले म्हणून घर कोसळले नाही. म्हणून आईवडिलांनी 'हा टीममध्ये जाईल का?' एवढेच विचारू नये. 'नाही गेला तर याच्या हाती काय उरेल?' हेही विचारावे.

आपल्यातलाच एक

"ते जुन्या काळातलं झालं, दादा." बहिणीचा मुद्दा बरोबर होता. मग तिला राहुल द्रविडची आठवण करून दिली. जन्म १९७३ चा, इंदूरचा. घरात मराठी, वाढला बंगळूरला. आपल्या वाचकांसारखाच दोन भाषांचा माणूस. आई पुष्पा द्रविड वास्तुकलेच्या प्राध्यापिका. डिसेंबर २०११ मध्ये कॅनबेरात ब्रॅडमन व्याख्यान देण्याचा मान राहुलला मिळाला. हा मान मिळालेला तो पहिला बिगर-ऑस्ट्रेलियन. निवृत्तीनंतर तो पोरांना शिकवू लागला. २०१८ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला, तर २०२४ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक असताना मोठ्यांनी टी-ट्वेंटी विश्वचषक आणला. २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाने मानद डॉक्टरेट देऊ केली, तर त्याने नम्रपणे नाकारली. खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून ती मिळवायला आवडेल, असे त्याचे म्हणणे. फुकटची धाव नको म्हणणारा फलंदाज पदवीच्या बाबतीतही तसाच वागला.

दुसरी बाजू

तरी बहिणीची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. माझ्याच वर्गात एक गुणी कबड्डीपटू होता. सामन्यांमागे धावताना परीक्षा राहत गेल्या. "सर, पुढच्या वर्षी देतो" हे तीन वर्षे चालले. मग गुडघा गेला. आता ना मैदान, ना पदवी. त्याला वेळेवर दटावले नाही, ही माझीही चूक. पण त्याच्याच मागच्या बाकावरची खो-खो खेळणारी मुलगी बी. पी. एड. करून आज शाळेत शिकवते. दोघांच्या खेळात फार फरक नव्हता. फरक होता तो पाठाशी ठेवलेल्या नात्यात.

शेवटी त्या रात्री तिरोडीत तह झाला. बॅट खाली येणार, पण पहाटे एक तास गणिताचा. संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत मैदान. तिसरी अट माझी. प्रत्येक सामन्यानंतर आपण कसे बाद झालो ते वहीत लिहायचे आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. चूक शोधणे, ती शब्दांत मांडणे आणि चारचौघांत बोलणे, शिक्षकाला आणखी काय लागते?

परवा बहिणीचा फोन आला. "दादा, काल त्याने अकरा धावा केल्या, पण लिहिलंय दीड पान!" गणिताचे काय, ते वार्षिक परीक्षेनंतर कळेल. पण माळ्यावर आता फक्त दिवाळीचा आकाशकंदील आहे.

आजी असती तर तिने एवढेच विचारले असते, "आट आतेन? पाठ आतेन?" आपल्या घरीही आज संध्याकाळी हे दोन्ही प्रश्न विचारून बघा. फक्त मध्ये 'की' घालू नका.