ताफ्यातला शेवटचा चालक : ताम्हिणी घाटातील सामूहिक ड्राइव्हचे नियोजन

मोटारींची आवड असणाऱ्या मंडळींनी सुटीच्या दिवशी पहाटे एकत्र जमावे, आपापल्या गाड्या घेऊन ठरलेल्या मार्गाने एखाद्या घाटातून जावे आणि संध्याकाळच्या आत परतावे, या उपक्रमाला पुण्या-मुंबईकडे सरसकट ‘ड्राइव्ह’ म्हटले जाते. वरवर पाहता तो सहलीचाच एक प्रकार वाटतो. परंतु दहा-बारा गाड्या एकामागून एक चालू लागल्या की त्यांतील प्रत्येक चालक रस्त्यापेक्षा पुढच्या गाडीकडे अधिक पाहू लागतो आणि एरवी जो निर्णय त्याने स्वतः घेतला असता तो नकळत पुढच्यावर सोपवतो. अशा ड्राइव्हमध्ये अपघात झाला की दोष वेगाच्या हौसेला दिला जातो, आणि ती हौस नसते असे कोणी म्हणणार नाही. तथापि आयोजनाचे काम जवळून पाहिल्यास त्याहून व्यापक कारण हाती लागते, ते म्हणजे आपण मागे राहू आणि चुकू, ही शेवटच्या काही चालकांच्या मनातील धास्ती. उत्तम आयोजकाच्या जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेचा रोख ही धास्ती नाहीशी करण्याकडे असतो.

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघणारा आणि पिरंगुट, पौड, मुळशी जलाशयाचा काठ, ताम्हिणी, विळे व निजामपूर अशा टप्प्यांनी माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळणारा रस्ता हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सुमारे शंभर किलोमीटरांच्या या अंतरात शहरालगतची गर्दी, गावांतील बाजारपेठा, पाण्याकाठची नागमोडी वळणे, दाट झाडीतला उतार आणि शेवटी कोकणातील सपाटी असे सर्व प्रकार येतात. पावसाळ्यात येथे अतिवृष्टी होते, दरडी कोसळतात आणि धबधब्यांपाशी पर्यटकांच्या गाड्या रस्त्याच्या कडेने वेड्यावाकड्या उभ्या राहतात. त्यामुळे जाणते आयोजक जून ते सप्टेंबर हा काळ ताफ्यासाठी सरळ वर्ज्य मानतात आणि दिवाळीनंतरचे दिवस पसंत करतात.

कामाची सुरुवात पूर्वपाहणीने होते. नकाशावरून मार्ग ठरवणे पुरेसे नसते. ड्राइव्ह रविवारी सकाळी असेल तर पाहणीही रविवारी सकाळी, त्याच वेळेला करावी लागते, कारण पौडच्या रस्त्यावरची दुधाची वाहने, एसटी, गुरे आणि सायकलस्वारांचे गट हे वाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात. पाहणी करणारा गाडीतून उतरून थांब्याच्या जागा पायांनी मोजतो, कारण पाच गाड्या रस्ता सोडून पूर्णपणे आत उभ्या राहू शकतील एवढी सपाट जागा घाटात फार थोड्या ठिकाणी मिळते आणि साइडपट्टीचा काठ कित्येक ठिकाणी डांबरापासून वीतभर खाली असतो. मोबाईलचे जाळे कोठे संपते व पुन्हा कोठे सुरू होते, शेवटचा पेट्रोलपंप कोणता, महिलांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह कोणत्या हॉटेलात आहे, पौडचे ग्रामीण रुग्णालय आणि माणगावचे उपजिल्हा रुग्णालय यांपैकी मार्गाच्या कोणत्या बिंदूपासून कोणते जवळ पडते, या सर्वांची नोंद केली जाते. उजेडाच्या दिशेचाही विचार करावा लागतो. सकाळी कोकणाकडे उतरणाऱ्या ताफ्याच्या पाठीवर ऊन असते, म्हणून त्याला समोरचे सर्व स्वच्छ दिसते. परंतु खालून चढून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर तेच ऊन येत असल्याने त्याला ताफा उशिरा दिसतो. यासाठी दिवसाउजेडीही सर्व गाड्यांचे पुढचे दिवे लावलेले ठेवण्याची सूचना दिली जाते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. परवाना, विमा, पीयूसी आणि मागच्या आसनावरील प्रवाशांसह सर्वांचा सीटबेल्ट, या गोष्टी वादातीत आहेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे अथवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्यांना गाडीची अंतिम क्षमता अनुभवायची आहे त्यांच्यासाठी कोइंबतूर किंवा चेन्नईजवळची बंदिस्त धावपट्टी हीच योग्य जागा होय. स्पर्धेची चुरस हवीच असेल तर ‘टीएसडी’ हा प्रकार उपलब्ध आहे. त्यात वेळ, वेग आणि अंतर यांचे गणित देऊन कायद्याच्या मर्यादेतील एक सरासरी वेग ठरवला जातो आणि उशिरा येणाऱ्याप्रमाणेच लवकर पोहोचणाऱ्याचेही गुण कापले जातात, म्हणजे घाईला बक्षीस उरत नाही.

गाड्यांच्या तपासणीत टायर आणि ब्रेक यांना अग्रक्रम असतो. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे नियमाने आवश्यक आहे, परंतु घाटासाठी ही मर्यादा फार काठावरची मानली जाते. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवतात, त्यामुळे खाचा शाबूत असूनही रबर जुने झालेले टायर ओळखता येतात. हवा टायर गार असतानाच मोजली जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हे मात्र बऱ्याच हौशी चालकांच्या ध्यानात नसते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची असते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तापमान त्यापलीकडे गेले तर तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागून तळाला जाते. म्हणूनच गाडी किती चकचकीत आहे यापेक्षा ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न आधी विचारला जातो.

या सर्व तयारीचा कस लागतो तो ताफा हलल्यानंतर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सारख्या अंतराने उभ्या करून चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालण्यास सांगण्यात आले. मार्गावर अडथळा, सिग्नल किंवा वळणाचा फेरबदल काहीही नसताना थोड्याच वेळात वेगातील बारीकसारीक चढउतार मागे मागे सरकत वाढत गेले आणि काही गाड्यांना पूर्ण थांबावे लागले. पुढच्याने पाय किंचित उचलला की त्याच्या मागचा थोडा अधिक उचलतो आणि त्याच्या मागच्याला ब्रेक लावावा लागतो, हाच क्रम घाटातल्या प्रत्येक वळणावर घडतो, आणि ताफा जितका लांब तितका त्याचा फटका शेवटच्याला मोठा बसतो.

यातच आणखी एक दृष्टिभ्रम मिसळतो. समजा, सर्व गाड्यांनी एकमेकींत तीन सेकंदांचे अंतर राखले आहे, म्हणजे पुढची गाडी ज्या खांबाजवळून गेली तेथे मागची तीन सेकंदांनी पोहोचते. ताशी २५ किलोमीटर वेगाने वळण घेताना या तीन सेकंदांचे सुमारे २१ मीटर होतात, तर वळणाबाहेर ताशी ६० चा वेग घेतल्यावर त्याच तीन सेकंदांचे ५० मीटर होतात. कोणीही मागे पडलेले नसते, वेळेचे अंतर तेवढेच असते. परंतु नवख्या चालकाला पुढची गाडी झपाट्याने दूर जाताना दिसते, तो स्वतः अजून वळणात असतानाच ॲक्सिलरेटर दाबतो आणि पुढच्या वळणावर गरजेपेक्षा अधिक वेगाने येतो. धास्ती अपघातात रूपांतरित होते ती नेमकी येथे. चालकांच्या सभेत हे गणित आकड्यांनिशी समजावून सांगणे हा वेळेचा सर्वांत चांगला उपयोग होय, कारण ‘सावकाश चालवा’ एवढ्या उपदेशाने जे साधत नाही ते कारण कळल्यावर साधते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे ताफ्याचे तुकडे करणे. बारा गाड्या तीन सेकंदांच्या अंतराने ताशी ६० ने चालल्या तर रस्त्याची जवळपास सहाशे मीटर लांबी व्यापतात आणि त्यांना ओलांडणे एसटीच्या किंवा गावातल्या एखाद्या मोटारीच्या चालकाला अशक्य होते; पाच गाड्यांची तुकडी मात्र सव्वादोनशे मीटरांत मावते. तुकड्यांमध्ये पाच-सात मिनिटांचे अंतर ठेवले जाते. प्रत्येक तुकडीच्या अग्रभागी मार्ग जाणणारी ‘लीड’ गाडी आणि शेवटी ‘स्वीप’ गाडी असते. स्वीपचे काम मागे राहिलेल्याला सोबत करणे हे असून तिच्या पुढे असलेली गाडी कोणत्याही कारणाने थांबली की तीही थांबते. सर्वांत नवखा चालक किंवा सर्वांत कमी ताकदीची गाडी लीडच्या लगेच मागे ठेवली जाते, म्हणजे लीडला तिचा वेग आरशात सतत दिसतो आणि मागे मागे वाढत जाणाऱ्या चढउतारांचा धक्का अनुभवी चालकांच्या वाट्याला जातो. ताकदवान गाडीच्या मालकाला ही मागची जागा कधी कधी अपमानास्पद वाटते. वास्तविक ती अधिक कौशल्याची जागा आहे.

दुसरा उपाय आरशाचा नियम म्हणून ओळखला जातो आणि तो इतका साधा आहे की त्याचे महत्त्व सहज नजरेतून सुटते. प्रत्येक चालकाची जबाबदारी पुढच्या गाडीला गाठण्याची नसून मागच्या गाडीला नजरेत ठेवण्याची असते. ती आरशात दिसेनाशी झाली तर वेग कमी करायचा, आणि फाट्यावर ती दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबायचे. विळ्याला एक रस्ता कोलाडकडे व दुसरा निजामपूरकडे फुटतो, तेथे या नियमाची खरी गरज पडते. मागचा प्रत्येक जण हळू झाला की ती सूचना गाडीगाडीने आपोआप लीडपर्यंत पोहोचते. आपल्यासाठी कोणीतरी थांबणारच आहे, ही खात्री असलेला चालक घाई करत नाही.

ओव्हरटेकच्या बाबतीत शिस्त आणखी कडक हवी. गाड्यांमध्ये संपर्कासाठी वॉकीटॉकी वापरले जातात, त्यांतील ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना भारतात २०१८ पासून परवाना लागत नाही आणि घाटात मोबाईल बंद पडल्यावर त्यांचाच आधार उरतो. संच चालकाने नव्हे, शेजारी बसणाऱ्याने हाताळायचा असतो. परंतु समोरचा ट्रक ओलांडून गेलेल्या लीडने मागच्यांना ‘क्लिअर आहे, या’ असे सांगणे हा या साधनाचा सर्वांत घातक वापर होय, कारण ते शब्द उच्चारल्यापासून तिसरी गाडी बाहेर येईपर्यंत जे सेकंद जातात तेवढ्यात वळणाआडून एसटी समोर आलेली असते. म्हणून चांगल्या गटांत अशी परवानगी देण्यास बंदीच असते. रेडिओवरून केवळ धोका कळवायचा, जसे की रस्त्यावर गुरे आहेत किंवा समोरून कंटेनर येत आहे, आणि ओलांडण्याचा निर्णय प्रत्येकाने स्वतःला दिसणाऱ्या रस्त्यावरूनच घ्यायचा. ताफा ओळखू यावा म्हणून चालत्या गाडीचे हॅझर्ड दिवे लावण्याची पद्धतही सोडली पाहिजे, कारण ते चालू असताना वळण्याचा इशारा मागच्याला कळत नाही.

ताम्हिणीचा उतार सुरू होण्यापूर्वी थांबा घेतला जातो. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुन्या ट्रकचालकांची रीत आजही उपयोगी आहे. इंजिनच्या रोधाने वेग आवरला जातो आणि ब्रेक गार राहतात. ऑटोमॅटिक गाडीत यासाठी मॅन्युअल किंवा खालच्या गिअरची निवड करावी लागते. विद्युत मोटारींना उतारावर चाकांपासून वीज परत मिळते आणि तिचाच ब्रेकसारखा उपयोग होतो, परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागा नसल्याने तो रोध कमी पडतो. माथ्यावर अगदी भरलेल्या बॅटरीनिशी न पोहोचणे हा त्यावरील उपाय. अरुंद जागी समोरून चढण चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि मोठ्या संख्येने उतरणाऱ्यांनी तो अधिक कसोशीने पाळला पाहिजे. सनरूफमधून मुलांना उभे करणे किंवा रील चित्रित करण्यासाठी शेजारी-शेजारी गाड्या चालवणे यांवर सूचना नव्हे, थेट कारवाई हवी, म्हणजे त्या गाडीचा सहभाग तेथेच संपला पाहिजे.

संकटाची तयारी कागदावर असावी लागते, कारण जाळे नसलेल्या ठिकाणी फोनमधील सामायिक यादी उघडत नाही. प्रत्येक स्वीपकडे सहभागींची नावे, रक्तगट आणि घरच्यांचे क्रमांक यांची छापील यादी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, परावर्तक त्रिकोण आणि ओढण्याचा दोर असतो. गाडी वळणानंतर बंद पडली तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवायचा, गाडीच्या लगत नव्हे. ११२ किंवा १०८ ला कळवण्यासाठी जाळ्याच्या हद्दीपर्यंत कोण जाणार, हे नाव सकाळीच ठरलेले असते. जखमी दुसऱ्या वाहनातील असला तरी मदत करावी. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

आयोजकाच्या कामातील सर्वांत अवघड भाग यांपैकी कोणताच नाही; तो असतो पहाटे चांदणी चौकात एखाद्याला परत पाठवण्याचा. टायर गुळगुळीत झालेले असतात, किंवा रात्रीच्या मद्याचा अंमल उतरलेला नसतो, आणि समोरचा माणूस मित्र असतो, त्याने हौसेने गाडी धुऊन आणलेली असते. त्या क्षणी संकोच करणाऱ्या आयोजकाची बाकी सर्व तयारी निरर्थक ठरते. ज्यांना येत्या हिवाळ्यात अशी ड्राइव्ह काढायची आहे त्यांनी आधी हा नकार देणारी व्यक्ती नेमावी, तिचा शब्द अंतिम राहील असे सर्वांकडून कबूल करून घ्यावे, आणि पहिल्या वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या घेऊ नयेत.