मुठीविना पाते

न्हाव्याच्या धोकटीत मिटून ठेवलेला वस्तरा कोणास इजा करीत नाही. याचे श्रेय पात्याचे नसून मुठीचे आहे. पात्याच्या शेपटीजवळील खिळ्याभोवती पाते फिरते आणि मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये धार दडते. म्हणजे मूठ हेच वस्तऱ्याचे म्यान होय. जुन्या वस्तऱ्याचा जीर्णोद्धार करणारा कारागीर प्रथम तो खिळाच काढतो. पुढे गंज घासणे, नव्या पट्ट्या घडविणे, जिल्हई देणे यांत कित्येक आठवडे जातात. तेवढा काळ हे उघडे पाते ठेवावे कोठे?

पुष्कळ जण ते वर्तमानपत्रात गुंडाळून मेजाच्या खणात टाकतात. कात्री शोधणाऱ्या हाताला असे पाते दिसत नाही. प्रस्तुत अनुवादकाच्या तर्जनीवरील व्रण त्याची साक्ष देईल. शिवाय कागद हवेतील दमटपणा शोषून पोलादाशी धरून ठेवतो. गंज न चढणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९१३ साली सिद्ध केले. त्यापूर्वीची पाती, आणि नंतरचीही बहुतेक, साध्या कार्बनी पोलादाची असतात. बोटांच्या घामातील मीठही त्यांना डागाळण्यास पुरते.

परंतु सर्वांत फसवा शत्रू त्या जुन्या मुठीतच असू शकतो. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० साली सेल्युलॉइडचे पेटंट घेतले, आणि पुढे हस्तिदंत व कासवाचे कवच यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुठी त्यापासून निघू लागल्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेटयुक्त सेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण. कालांतराने ते विघटन पावते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात व हवेतील बाष्पाशी मिळून नायट्रिक आम्ल बनते. म्हणूनच मुठीत मिटलेल्या भागापुरतेच पाते काळवंडून खड्डे पडलेले आढळते. वर्षानुवर्षे ज्याने धार झाकली, त्यानेच ती खाल्ली! अशा पट्ट्या काढल्यावर पात्यासह एकाच डबीत मुळीच ठेवू नयेत. त्या चटकन पेट घेतात, म्हणून विस्तवापासूनही दूर असाव्यात. ओकचे लाकूडही टाळावे. त्यातून अॅसेटिक आम्लाची वाफ निघते. चामड्यातील क्षार व ओल दीर्घकाळ साठवणीस घातकच.

साठवण्यापूर्वी पाते कोरडे करून जाड पाठीकडून धारेकडे पुसावे. धारेच्या लांबीने बोट कदापि फिरवू नये. त्यावर शिलाईयंत्रास घालतात तसल्या पातळ खनिज तेलाचा हात द्यावा. खाद्यतेल हवेने चिकट होते, म्हणून ते नको. नंतर पॉलिथिलीनची रुंद नळी घेऊन, शेपटी हाती धरून, पाते टोकाकडून आत सरकवावे. हात धारेपुढे येतच नाही. अशी पाती झाकणाच्या उथळ डब्यात, प्रत्येकास स्वतंत्र कप्पा देऊन, आडवी ठेवावीत. एकावर एक ठेवल्यास धारेचे टवके उडतात, कारण तिची जाडी मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या आसपास असते. डब्यात सिलिका जेलची पुडी असावी. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात ती वरचेवर बदलावी लागेल.

कोणते पाते कोणत्या मुठीचे, याची चिठ्ठी शेपटीस दोऱ्याने बांधावी. दगडावर अखेरची धार लावण्याचे काम मात्र नवी मूठ बसेपर्यंत राखून ठेवावे.